शक्ती काढायला दिलेली वजनं

वजनं गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. काटेवाल्यांनी सकाळी वाचनालयामागच्या हॉलचं कुलूप उघडलं. भिंतीला लावलेली लाकडी मांडणी रिकामी दिसली, तेव्हा आधी त्यांना वाटलं, आपण चुकीच्या हॉलमध्ये शिरलो. पण हॉल एकच होता. चाळीस डंबेल, सहा दांडे, डझनभर तबकड्या, सगळं गायब. फळ्यांवर उरले होते ते धुळीतले गोल गोल ठसे.

काटेवाले म्हणजे दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करणारे. पन्नास वर्षं तेच काम केलेलं. त्यामुळे कुठलंही वजन समोर आलं की ते तोलून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हॉलमधल्या प्रत्येक डंबेलवर त्यांनी पांढऱ्या रंगात खरा आकडा लिहिला होता. पाच किलो म्हणून आणलेल्यावर ‘४ किलो ९२० ग्रॅम’.

बायको म्हणायची, “ऐंशी ग्रॅमनं म्हातारीचं काय बिघडतंय?”

“म्हातारीचं नाही, काट्याचं बिघडतं,” असं हे म्हणायचे.

बायको शाळेत ड्रिल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं हा वर्ग काढला आणि साठीपुढच्या बायकापुरुषांना वजनं उचलायला लावलं. दीड वर्षापूर्वी ती गेली. वर्ग चालू राहिला, आणि किल्ली काटेवाल्यांकडे आली. दुसरी किल्ली मेहुणीकडे होती. म्हणून पोलिसांत जायच्या आधी ते तिच्या दारात गेले.

“धाकटे, हॉलमध्ये चोरी झालीय.”

“चोरी कसली, भाऊजी? आम्हीच दिली वजनं.”

“कुणाला?”

“पोलादबाबांना. शक्ती काढायला.”

काटेवाले पायरीवरच बसले. “कसली शक्ती?”

“आमची!” धाकटीनं हात पुढे करून दाखवले, जणू पुरावाच. “वजन उचलून झालं की हात थरथरतात की नाही? मग हातातली शक्ती जाते कुठं? लोखंडात! इतकी वर्षं ते लोखंड आमची शक्ती पीत बसलं होतं. बाबा ती काढणार, कड्यात भरणार आणि ज्याची त्याला परत देणार.”

“ज्याची त्याला कशी? डंबेल तर सगळेच उचलायचे.”

“ते बाबांना वासावरून कळतं,” धाकटी म्हणाली.

हसण्यासारखंच होतं, पण काटेवाल्यांना हसू आलं नाही. तीन वर्षांपूर्वी धाकटी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. बरी झाल्यावर थोरल्या बहिणीनं तिला वर्गात ओढत नेलं. आधी खुर्चीवरून नुसतं उठायचं, मग हातात वजन घेऊन उठायचं. दहा महिन्यांनी धाकटी जमिनीवरून कशालाही न धरता एकटी उठली, तेव्हा अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. आता गावात नव्यानं आलेल्या या बाबांच्या नादानं सहा आठवडे तिनं काही उचललं नव्हतं. गेल्या गुरुवारी ती कपाटाशी घसरून बसली आणि तिला उठता येईना. दोन तासांनी काटेवाले सहज डोकावले म्हणून बरं. घरात ती एकटी राहत होती. पुढच्या वेळी कोण डोकावणार?

“गुरुवारी काय झालं विसरलीस?”

“म्हणून तर म्हणते! शक्ती सगळी लोखंडात अडकलीय. उठणार कशी?”

काटेवाल्यांनी कपाळाला हात लावला.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. शक्ती भरलेली हातातली कडी वाटायचा दिवस होता. खुर्च्या संपल्या, तेव्हा वाचनालयातली बाकं आली. बाबा आले. दाढी पांढरीशुभ्र, पोटापर्यंत. दंड मात्र मुसळासारखे. वय म्हणे एकशे चार. आल्या आल्या त्यांनी जमिनीवर हात टेकून तीस जोर मारले आणि उठून ओरडले, “पोटात वारा!”

“दंडात पारा!” सगळा हॉल ओरडला.

“मी काय खातो?”

“वारा!”

“मी काय उचलतो?”

“काही नाही!”

“एकशे चार वर्षांत मी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही!” बाबा म्हणाले. “म्हणून सगळी शक्ती शाबूत. नुसती तिजोरीत! आणि तुम्ही? लोखंडाला पाजत बसलात.”

“मग आंघोळ कशी करतात?” मागून काटेवाल्यांनी विचारलं.

“श्शू!” शिंपीणकाकूंनी त्यांना कोपर मारलं. काकूंचं कोपर भलतंच दणकट होतं. अकरा वर्षं वर्गाला येत होत्या त्या.

बाबांनी धाकटीला पुढे बोलावलं. पाय जुळवून उभं केलं, उजवा हात बाजूला सरळ धरायला लावला. “ताकद लावा. मी दोन बोटांनी दाबतो.” त्यांनी मनगटावर दोन बोटं टेकवून दाबलं, आणि धाकटी भेलकांडली. हॉलमधून “अरेरे” असा एकच सूर निघाला. मग बाबांनी तिच्या हातात कडं घातलं, डोळे मिटून फुंकर मारली आणि परत दाबलं. या वेळी त्यांनी दात खाल्ले, मान ताठ केली, चेहरा लाल केला. धाकटी खांबासारखी उभी!

“आली! माझी आली!” धाकटी ओरडली. “चार किलो नऊशे वीसवाल्यातली असणार!”

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. काटेवाले मात्र बाबांच्या बोटांकडे बघत होते. जन्मभर त्यांनी तेच पाहिलं होतं, दांडीवर भार कुठं पडतो ते. ते उठले.

“मलाही थोडं येतं,” ते म्हणाले. “करू का?”

“तुमच्या बायकोनं चाळीस वर्षं लोखंड उचललं,” बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “कुठं आहे ती आता?”

धाकटीनं मान खाली घातली.

काटेवाले बाबांसमोर येऊन उभे राहिले. “वजन उचललं की माणूस मरत नाही, असं ती कधीच म्हणाली नाही,” ते म्हणाले. “ती म्हणायची, जगेन तोवर संडासला माझ्या पायानं जाईन. शेवटचे चार दिवस सोडले तर गेली. तेवढंच तिनं मागितलं होतं.”

मग त्यांनी हातातल्या बाजाराच्या पिशवीत हात घातला आणि एक बटाटा काढला. “धाकटे, कडं काढ. हात धर.” त्यांनी मनगटावर दाबलं. धाकटी भेलकांडली. “आता हा बटाटा घे डाव्या हातात.” त्यांनी परत दाबलं. धाकटी जागची हलली नाही.

“अगं बाई, बटाट्यात शक्ती!” शिंपीणकाकू किंचाळल्या.

“कच्चा का उकडलेला?” निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं.

“कच्च्यात नाही आणि उकडलेल्यातही नाही!” काटेवाले वैतागले. “माझी बोटं बघा. दरवाजा कडीपाशी ढकलला तर चटकन फिरतो. बिजागरीजवळ ढकलून बघा, घाम फुटेल. हाताचंही तसंच. पहिल्यांदा मी मनगटावर दाबलं, तेही जरासं बाहेर ओढून. पाय जुळलेले, कुणीही तोल जाऊन झुकणार. दुसऱ्यांदा कोपराच्या वर दाबलं, अंगाच्या दिशेनं. मग ती कशाला पडेल? बाबांनीही हेच केलं, दात खाणं हे वरचं नाटक.”

“खोटं! पाखंड!” बाबा गरजले.

“काकू, तुम्ही करा. धाकटीला कडं घाला, आणि दाबा मनगटावर, बाहेरच्या बाजूनं.”

काकूंनी दाबलं. कडं घातलेली धाकटी अशी झुकली की पोस्टमास्तरांच्या मांडीत जाऊन बसली. ती चटकन उठली, पोस्टमास्तर मात्र सावकाश सावरले. मग प्रत्येकजण शेजाऱ्याचं मनगट दाबायला लागला. अर्धा हॉल भेलकांडत होता, अर्धा हसत होता.

बाबांना घाम फुटला. त्यांनी हातांनी आणि बाह्यांनी दाढी पुसली, तर हात पांढरे झाले. सगळा रंग बाह्यांवर आला. खाली काळीभोर दाढी.

“अहो, याचं वय चाळीससुद्धा नाही!” काकू म्हणाल्या. “माझ्या धाकट्या जावयापेक्षा लहान दिसतोय!”

“आणि ते जोर?” पोस्टमास्तर हिरमुसले. “म्हणजे त्यात नवल ते काय!”

बाबा मागच्या दारानं सटकले. कुणी पाठलाग केला नाही, कारण सगळे एकमेकांची मनगटं दाबण्यात गुंग होते.

सगळं शांत झाल्यावर धाकटीनं विचारलं, “पण भाऊजी, हात थरथरतात ते का मग?”

“दमतात म्हणून. दमलेला स्नायू जेवून-झोपून भरून निघतो आणि जरासा वाढतो. उचलणं सोडलं की आटतो. डॉक्टरांनी तुझ्या बहिणीला सांगितलं होतं, सत्तरी-ऐंशीतही वाढतो, फक्त हळू. यात कुणाच्या फुंकरीचं काम नाही. कुणी म्हणालं की न उचलता ताकद देतो, तर आधी त्याचं बोट कुठं आहे ते बघायचं.”

“आणि दाढीची मुळं,” काकूंनी पुस्ती जोडली.

वाचकांनाही एवढंच सांगायचं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तोच प्रयोग आपल्या हातानं करून बघा, दोनदा, जागा बदलून. खरा असेल तर त्याला तुमच्या प्रयोगाची भीती वाटणार नाही. आणि म्हातारपणी ताकद हवी असेल तर ती रोज थोडी थोडी कमवावी लागते. साठवून ठेवता येत नाही, कड्यात भरता येत नाही, आणि दुसऱ्याकडून मिळतही नाही.

वजनं परत आली नाहीत. बाबांनी ती ज्या भंगारवाल्याला विकली होती, त्यानं त्याच आठवड्यात भट्टीला पाठवली. वर्ग सध्या वाळूच्या पिशव्यांवर चालतो. धाकटी रोज येते, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन खुर्चीवरून दहा वेळा उठते, आणि उठताना भाऊजींना शिव्या घालते. जमिनीवरून तिला अजून एकटीनं उठता येत नाही.