गोकर्णीला विळा

कल्याणपलीकडच्या त्या मळ्यात नाचणी आणि गोकर्णी शेजारणींसारख्या नांदत होत्या. ही जोडी सून समीक्षाने लावली होती. माहेर कोलशेतचं, शेतकी शिकलेली. नाचणीच्या दोन ओळींमध्ये गोकर्णीची वेल, कायमची. दर वीस दिवसांनी विळ्याने ती बुंध्यापर्यंत छाटायची, पाला तिथंच अंथरायचा. वेल कापली की तिची मुळं मातीला भरवतात, असं ती सांगायची. दोन वर्षांत माती लोण्यासारखी झाली.

तिसरा पावसाळा आला तेव्हा समीक्षाला दिवस जाऊन तीन महिने झाले होते, आणि सासूने, आवडाबाईने, विळा फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचला. घरात पोटुशी असताना फुललेल्या वेलीला लोखंड लावायचं नाही, ही त्या घरची रीत.

"आई, नाचणीला ऊन दिसत नाहीये. एकदाच कापू."

"शेतकी शिकलीस, पोटुशी राहायला नाय शिकलीस. वेल कापायची म्हणजे नाळ कापायची."

"मी कापतो रविवारी," समीक्षाचा नवरा सिद्धेश म्हणाला.

"काप. मग या घरात जेवायला येऊन दाखव!"

रविवारी तो मळ्याकडे फिरकलाच नाही. त्या तांबड्या नाचणीचं बी आता गावात कुणाकडेच नव्हतं. इतरांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले होते. आवडाबाईच्या मडक्यातलं उरलंसुरलं बीही यंदा याच मळ्यात पडलं होतं.

गणपती आले, गेले. मळा निळ्या फुलांनी झाकला. नाचणीच्या माना एकेक करून खाली गेल्या. वेलीची टोकं बांध ओलांडून अंगणात आली. एका सकाळी ती समीक्षाच्या खिडकीच्या गजांना वेटोळे घालून बसलेली दिसली.

समीक्षा तडक मळ्यात गेली. विळा नव्हता, म्हणून नखांनीच वेल तोडत बसली, सातव्या महिन्याचं पोट सावरत. आवडाबाईने तिची निळी झालेली बोटं पाहिली आणि आढ्याचा विळा काढला.

"ऊठ. घरात जा, दार लाव. मागं बघू नको."

"आई, तुम्ही?"

"माझं काय जायचंय आता? जा म्हटलं ना!"

दाराआड समीक्षाला तिचा आवाज ऐकू येत राहिला.

*निळ्या कानाच्या गं बाई, ऐक माझं गाऱ्हाणं*
*घाव माझ्या नावावर, नको लेकीला मागणं*

उन्हं कलेपर्यंत विळा चालला. वेलीखाली नाचणी नव्हती, पांढरा, कुजका पेंढा होता. बांधाच्या कोपऱ्यात तेवढी नाचणीची तीन ताटं उभी. कणसं हिरवी, अजून दूधही भरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी छाटलेल्या बुंध्यांना पोपटी कोंब फुटले. सगळेच्या सगळे.

आवडाबाईने विळा पुन्हा आढ्याला ठेवला नाही. तो उंबऱ्याशीच असायचा. कणसं पिकायला महिना होता, समीक्षाचे दिवस भरायला दोन. म्हातारी कोंब खुडून यायची, तीन ताटं मोजायची, आणि दारात उभी राहून विचारायची,

"हललं का गं पोर?"

समीक्षा पोटावर हात ठेवून हालचालीची वाट बघायची. उत्तर द्यायला तिला रोज थोडा जास्त वेळ लागायचा.