नातं नसल्याचा दाखला

आखातातल्या एका शहरात, मलाझ भागातल्या त्या इमारतीत शरफुन्निसाइतकी सरळ बाई दुसरी नव्हती, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

तिच्या समोरच्या फ्लॅटमधली क्षितिजा, म्हणजे उल्हास आणि विभावरीची मुलगी, ओ पेअर म्हणून जर्मनीला निघाली होती. परक्या देशात एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची आणि बदल्यात खोली, जेवण, हातखर्च मिळवून तिथली भाषा शिकायची. ऐकायला किती सोपं! पण नियम वाचाल तर डोकं गरगरेल. लग्न झालेलं नको. आठवड्याला तीस तासांवर काम नको. जर्मन थोडी तरी यायला हवी. आणि अर्ज करताना वय सत्तावीसच्या आत हवं. क्षितिजाला सत्तावीस पुरी व्हायला बावीस दिवस उरले होते. आत्ता नाही तर कधीच नाही.

अडलं होतं एकाच कागदावर. कुणाची तरी मुलं दोनशे तास सांभाळल्याचा दाखला एजन्सीला हवा होता आणि नातेवाइकांची मुलं चालणार नव्हती.

दोनशे तास कसले घेऊन बसलात! शरफुन्निसाच्या अफनान आणि अरवा या दोन अवदसा क्षितिजाच्या मांडीवरच वाढल्या होत्या. क्षितिजाची ही खाला, म्हणजे मावशी, दातांच्या डॉक्टरकडे गेली, क्षितिजा हजर. खाला नि तिचा नवरा नसरुद्दीन उमऱ्याच्या यात्रेला गेले, चार दिवस क्षितिजा हजर. म्हणून शरफुन्निसाने दाखला लिहिला तो अगदी मनापासून. ‘क्षितिजा आमची थोरली मुलगीच आहे. तिने आमच्याकडे काम केलं असं लिहायला माझा हात धजत नाही.’

दोन दिवसांत दाखला परत आला. स्वतःच्या बहिणींना सांभाळलं तर तो अनुभव धरत नाहीत म्हणे.

विभावरीने कपाळावर हात मारला. “अहो भाभी, नातं नाही एवढंच लिहायचं होतं!”

“असं कसं लिहू? लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक? जर्मन?”

बऱ्याच विनवण्यांनंतर एजन्सी व्हिडिओ कॉलवर खात्री करून घ्यायला तयार झाली. मग तीन दिवस तालीम चालली. उल्हास ओलाया भागातल्या बँकेतून आला की टाय न सोडताच जर्मन बाई होऊन समोर बसायचा.

“क्षितिजा तुमची कोण?”

“मुलगी.”

“चूक! पुन्हा.”

“भाची?”

“भाभी, कोणीही नाही!”

“बोलवत नाही हो तसं,” शरफुन्निसा रडकुंडीला यायची. पण शेवटी तिने ‘नो रिलेशन’ घोकून घोकून पाठ केलं.

कॉलच्या दिवशी उमेदवाराने समोर असायचं नाही असा आणखी एक नियम निघाला. क्षितिजा स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली. नसरुद्दीन लॅपटॉपमागे हातवारे करायला थांबला. चष्मेवाली बाई पडद्यावर आली, मुलींची वयं विचारली, वेळा विचारल्या. सगळं झकास चाललं होतं.

“तुम्ही तिला पैसे किती देत होता?”

“पैसे? तौबा! घरच्या पोरीला?”

नसरुद्दीन मटकन खाली बसला.

“म्हणजे ती कुटुंबातली आहे,” बाई टाइप करू लागली.

शरफुन्निसाने दाराकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “नो!” शरफुन्निसा ओरडली. “नो रिलेशन! कोणी नाही ती माझी!” आणि तिला हुंदकाच फुटला.

बाई घाबरली. “तुम्ही रडताय का?”

“तू असलं बोलायला लावलंस म्हणून!” आता मात्र तिचा पारा चढला. इंग्रजी, हिंदी, जे तोंडात येईल त्यात ती सुटली. “ऐक बाई. तिचे आईबाप समोरच्या घरात राहतात. त्यांचं गाव सांगली, माझं रत्नागिरी. रक्ताचं म्हणशील तर थेंबभर नाही. पण सहा वर्षं माझ्या पोरी तिच्याच हातून जेवल्यात. तुझ्या फॉर्मात याला जागा नसेल तर मी काय करू?”

बाईने आधी टाइप केलेलं पुसलं. मग म्हणाली, “रक्ताचं नातं नाही आणि सहा वर्षांचा अनुभव. एवढं मला पुरेसं आहे. मंजूर. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

“सांगायचंय तर! त्या घरच्यांना म्हणावं, ती वांगं खात नाही. थंडीत तिचे पाय दुखतात, जाड मोजे द्या. दर शुक्रवारी मला फोन आला पाहिजे. आणि तीस तासांवर एक मिनिट जरी राबवलं ना, तर मी स्वतः येईन.”

“माफ करा,” बाई शांतपणे म्हणाली, “तुम्ही नातेवाईक नाही, त्यामुळे तुमच्या अटी मला नोंदवता येणार नाहीत.”

“मग नातेवाईक लिही!”

क्षितिजा दारामागून धावत आली आणि तिने लॅपटॉप धाडकन मिटला. मग खालाच्या गळ्यात पडून हसत म्हणाली, “खाला, आता तरी गप्प बस, रडतेस काय! मंजूर झालंय.”

“म्हणूनच रडतेय गो,” शरफुन्निसा म्हणाली.