काकाचं पन्नास

मशीनवर एकशे नऊ आलं आणि अख्खी नववी हसली.

"धम्मशीला, हे शंभर मीटर आहे," इंगळे सर म्हणाले. "मी स्वतः टेप लावून फक्की टाकलीय. काकांचं मशीन कुठे आपटलं का?"

"सर, तुमचा टेपच उन्हानं लांबला असंल," मी म्हटलं. हो, सरांना म्हटलं. सहावीत मी हजेरीलासुद्धा मान वर करायची नाही. यंदा काय झालंय कोण जाणे, तोंड पुढे पळतं आणि मी मागून पोचते.

मशीन म्हणजे प्रसेनजितकाकाची लेझर दुर्बीण, मी शाळेत दाखवायला आणलेली. मुठीएवढी. डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, समोरची वस्तू किती लांब आहे त्याचा आकडा आत दिसतो. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमची बीटी कपाशी आतून पोखरली, त्या वर्षी काका पुण्याला गेला आणि गोल्फच्या मैदानावर कॅडी झाला. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि झेंडा किती लांब आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. काका नुसत्या नजरेनं सांगायचा, "एकशे बेचाळीस." साहेब लेझर लावायचे. एकशे बेचाळीस. लॉकडाऊनमध्ये मैदान बंद पडलं, तेव्हा एका साहेबांनी ही जुनी दुर्बीण त्याला देऊन टाकली आणि काका ती गळ्यात अडकवून अमडापूरजवळच्या आमच्या गावी परत आला.

तेव्हापासून गावात त्याचा थाटच वेगळा. कोणीतरी म्हणणार, "प्रसेनजित, त्या लिंबापर्यंत किती बे?" काका डोळे बारीक करून आकडा सांगणार, मग दुर्बीण लावणार, आकडा तोच निघणार आणि चहा येणार.

तर सरांना खोटं पाडायचंच म्हणून मी तीनदा बटण दाबलं. एकशे नऊ, एकशे नऊ, एकशे नऊ. तिसऱ्यांदा आकड्याशेजारचा बारीकसा इंग्रजी वाय दिसला. मागे एकदा काकाला विचारलं होतं, तर म्हणाला होता, "कंपनीची खूण असंल."

सरांनी डोळा लावला आणि त्यांचं हसू थांबलं. "अगं, हे यार्डात मोजतंय. यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान. शंभर मीटर म्हणजे एकशे नऊ यार्ड. मशीन एकदम बरोबर आहे तुझं."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी वाकून मुजराही केला. आणि वाकल्या वाकल्याच काकानं आमच्या शेतात मोजलेला आकडा आठवला.

पन्नास.

आमच्या एक एकरात यंदा बियाण्याची कपाशी आहे. एका कंपनीसाठी संकरित बी तयार करून द्यायचं. आई आणि काका रोज संध्याकाळी एकेक फूल हातानं सोलतात, सकाळी त्यावर दुसऱ्या जातीचे परागकण लावतात आणि देठाला लाल दोरा बांधतात. अट एकच, दुसऱ्या कपाशीपासून पन्नास मीटर लांब पाहिजे, नाहीतर अख्खा प्लॉट बाद. शेजारी रंगरावांची कपाशी आहे. पेरणीच्या वेळी मी त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पांढरं घमेलं धरून उभी होते आणि काकानं दुर्बीण लावून बरोब्बर पन्नासवर पहिली ओळ टाकली होती. मधल्या पट्ट्यात सोयाबीन. प्लॉट पास झाला तर काका गावात राहणार होता. नाही झाला तर दिवाळीनंतर पुणे. त्यानं हे आईला सांगितलं होतं, मला नाही. पण घर दोन खोल्यांचं आहे.

सरांचा टेप मागून घेतला आणि घरी न जाता थेट शेतात गेले. आई आणि काका तिथंच होते.

काकानं सगळं ऐकलं. "पण माहा डोया बी पन्नासच म्हणते ना."

"काका, तुमचा डोळा ह्याच मशीनवर शिकला."

त्यानं माझ्या हातातली दुर्बीण घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "तिथं यार्ड कोणी म्हणतच नाई, शीले. साहेब म्हणते एकशे चाळीस, आपण म्हणतो एकशे चाळीस. कशाचे एकशे चाळीस, हे तीन वर्षांत कोणी इचारलं नाई. मीबी नाई."

टेप तीस मीटरचा होता, म्हणून दोनदा लावला. पंचेचाळीस मीटर सत्तर.

रंगराव धुऱ्यावर तंबाखू मळत उभे होते. "काऊन टेप लावून राह्यला बे? तुह्या दुर्बिणीचे डोये आले का?"

काकानं खरं सांगून टाकलं. रंगराव जवळ आले. "मंग गप बस ना. तो तपासणीचा साहेब तुह्या मशीनवर फिदा हाय, टेप काढतच नाई. पन्नास म्हणते तं म्हणू दे."

मला रंगरावांचं पटलं होतं. खरंच सांगते. मी आईकडे पाहिलं. आई टेपच्या टोकापासून आत चालत गेली, मोजत, आणि थांबली. "चार वळी जाईन, भाऊजी."

"वहिनी, चारी वळीत दोरे हायेत."

"बांधले मी. दिसतात मले."

मग तिनं पदर खोचला आणि पहिलं झाड तिनंच उपटलं. बोंडं धरलेली, फुलं लागलेली झाडं. काळी माती मुळांना सोडेना. मी दुसऱ्या ओळीला लागले आणि वाटेत काकाला म्हणाले, "एक बरं झालं, मशीन किलोमीटरमधी नव्हतं." आई हसली. काका हसला नाही, पण उपटायचा वेग वाढला.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब मोटारसायकलवरून आले. "काढा प्रसेनजितराव, तुमची दुर्बीण. टेपचा व्याप नको."

"नाई साहेब. आज टेप लावा."

"का? बिघडली?"

"ते बरोबर हाय. मी चुकलो होतो." आणि त्यानं यार्डापासून चार ओळींपर्यंत सगळं सांगितलं, वर बांधावरचा सुकलेला ढीगसुद्धा दाखवला. त्याच्या जागी मी असते तर ढिगाचं काढलंच नसतं.

साहेब ढिगापाशी गेले. एक फांदी उचलून त्यांनी लाल दोरे बघितले, एक, दोन, सात. मग टेप लावला. पन्नास मीटर पन्नास.

"हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं," साहेब कागदावर लिहिता लिहिता म्हणाले.

"साहेब, आपण आकडा चुकीचा देल्ला तं चेंडू पाण्यात जाते," काका म्हणाला. "मंग खेळणारा चेंडूकडे नाई पायत. आपल्याकडे पायते."

साहेबांना गोल्फ कळलं की नाही माहीत नाही. त्यांनी सही केली आणि खाली 'पास'चा शिक्का मारला. आईनं तो कागद दोनदा वाचला, मातीच्या हातानं डाग पडायला नको म्हणून माझ्याकडे दिला आणि फुलांकडे वळली. संध्याकाळ व्हायला आली होती. चहाचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

बाबा नांदुऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असतात. रविवारी ते सुट्टीला आले, तेव्हा काका घरात नव्हता. मी त्याला शोधत शेतात गेले. दुर्बीण त्याच्या गळ्यात नव्हती. सरांचा टेप मात्र हातात होता. मला बघून त्यानं टेपचं टोक स्वतःकडे धरलं आणि टेप माझ्या हातात देऊन मला पार बोरीपाशी पाठवलं.

"आकडा सांगू नको," तो ओरडला. "पयले मी सांगतो."

त्यानं डोळे बारीक केले. "चोवीस."

"बावीस, काका."

त्यानं मान हलवली. तोंडातल्या तोंडात बावीस, बावीस म्हणत तो बोरीकडे टक लावून पाहत राहिला. मग टेपचं टोक धरून चार पावलं मागे गेला आणि पुन्हा डोळे बारीक केले.