बिननावाच्या सॅक्सोफोनची चौकशी

मी बोलतोय खरा, पण आधी एक सांगा, तुम्हाला कुणी पाठवलंय? बँडातल्या कॉर्नेटवाल्या काकांनी तर नाही ना? राग मानू नका. दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताकही फुंकून पितो. मी एक सॅक्सोफोन आहे. जुना, मुलामा उडालेला, आणि अंगावर कुठंही बनवणाऱ्याचं नाव नसलेला. त्या नसलेल्या नावापायी एका घरात काय झालं, ते सांगतो.

माझा जन्म घंटावाल्यांच्या कारखान्यातला. तिथं आधी घंटा ओतत, पुढं वाद्यं करू लागले, पण लोकांच्या तोंडी घंटावाले हेच राहिलं. माझ्या काही भावंडांच्या कर्ण्यावर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, कारखान्याचं नाव वेलबुट्टीत घातलं. आम्हा उरलेल्यांना बिननावाचंच सोडलं. दुकानदार आम्हाला घाऊक नेत आणि आपापल्या दुकानाचं नाव घालून विकत. माझा दुकानदार पक्का आळशी. मी तसाच काचेमागं टांगून राहिलो. येणारा प्रत्येक जण कर्ण्याकडं बघे आणि नाक मुरडे. नाव नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं त्यांचं गणित. माणसांवरचा माझा विश्वास तिथंच उडाला.

मला घेतलं ते बाबांनी. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तेव्हा ते तरुण होते, बँडात नवे होते. त्यांनी कर्ण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. एक लांब सूर वाजवला आणि म्हणाले, "हाच द्या."

नेमका त्याच सुमारास बँडाच्या खोलीतून एक सॅक्सोफोन नाहीसा झाला. तो सिंहछाप होता, कर्ण्यावर सिंहाचं तोंड कोरलेलं. झालं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. बाबांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण ते आत आले की बोलणं थांबायचं. कौतुकाच्या निमित्तानं कुणीतरी मला उचलायचं आणि कर्ण्यावरून हळूच अंगठा फिरवायचं, घासून काढलेल्या सिंहाची खूण लागते का बघायला. मेल्यांचे अंगठे तेलकट असायचे. बाबांना सगळं दिसत होतं. ते मला पुसून पेटीत ठेवायचे आणि घरी जायचे.

अशी वर्षं गेली. बाबांचे केस पिकले, दम कमी झाला, ते बँडातून बाहेर पडले. लेक मोठी झाली आणि आता तोच बँड तीच चालवते. यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात तिनं ठरवलं की एक संथ धून मध्यावर थांबवायची आणि तिथं बाबांनी एकट्यानं वाजवायचं. शेवटचं म्हणून. बाबांनी आढेवेढे घेतले, पण दुसऱ्याच दिवसापासून खिडकीपाशी बसून सराव सुरू केला. मध्येच थांबून विचारायचे, "पोरी, दम पुरतोय ना?" ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "पुरून उरतोय." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात कॉर्नेटवाले काका बोलले. कॉर्नेट म्हणजे आखूड तुतारी, काका ती बँडात पहिल्यापासून वाजवतात. तालमीच्या दिवशी बाबा पाणी प्यायला गेले होते, मी खुर्चीवर होतो.

"ताई, तुम्ही बँड चालवता म्हणून सांगतो. हे कर्ण्यावरचं गुळगुळीत बघा. घासल्याशिवाय असं होतं का?"

"काका, तुम्ही माझ्या वडिलांबद्दल बोलताय."

"मी कुठं काय म्हणतोय? तपासून घ्या एवढंच. भर कार्यक्रमात कुणी तोंड उघडलं, तर शोभा तुमचीच होईल."

ती तालमीकडं वळली. पण घरी जाताना तिनं माझ्या कर्ण्यावरून अंगठा फिरवला. तिनंसुद्धा! मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "याच्या झाकणांखालच्या गाद्या गळतायत. बदलून आणते." साफ खोटं. माझी एकही गादी गळत नव्हती. बाबा म्हणाले, "आण की," आणि पेटी तिच्या हातात दिली.

दुरुस्तीवाला बडबड्या माणूस. बँडाची सगळी कामं त्याला काकाच आणून देतात, हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, हा आता काकांचीच री ओढणार. त्यानं मला दिव्याखाली धरलं, भिंग लावलं, नखानं टकटक केलं.

"घासलं असतं तर पत्रा इथं पातळ झाला असता," तो म्हणाला. "दिव्याचं प्रतिबिंब वेडंवाकडं दिसलं असतं. इथं सरळ दिसतंय. उरलासुरला मुलामाही कारखान्यातलाच आहे. यावर नाव कधी नव्हतंच."

"मग हा कुणाचा?"

त्यानं फळीवरून घंटावाल्यांचा एक मोडका, नाव असलेला सॅक्सोफोन काढला आणि माझ्याशेजारी ठेवला. माझा भाऊच तो! भोकांचे काठ दोघांचेही नळीच्याच पत्र्यातून वर ओढलेले. "सिंहवाले हे काठ वेगळे करून डाग देऊन जोडतात," तो म्हणाला. "खात्रीनं सांगतो, हा घंटावाल्यांचा. सिंहछाप असूच शकत नाही."

लेकीनं तिथंच डोळे पुसले आणि काकांना फोन लावला. काका म्हणाले, "मी म्हटलंच कुठं होतं?"

घरी बाबांनी पेटी उघडली. माझी वाकडी मान, म्हणजे वरची सुटी नळी, ते नेहमी आपल्या जुन्या मोज्यात गुंडाळतात. दुरुस्तीवाल्यानं ती पिवळ्या फडक्यात गुंडाळली होती. बाबांनी एकेक झाकण उचलून पाहिलं.

"गाद्या तर जुन्याच आहेत."

लेक घाईघाईनं म्हणाली, "बाबा, बनवणारा सापडला. हा घंटावाल्यांचा आहे. सिंहछाप नाही."

"म्हणजे तू सिंह शोधायला गेली होतीस."

"लोकांची तोंडं बंद करायची होती, बाबा."

"लोकांचं मी कधी मनावर घेतलं नाही. म्हटलं, घरात तरी कुणाला शंका नाही." त्यांनी पेटी लावली. त्या दिवशी सराव झाला नाही, नंतरही झाला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ती तयार होऊन उभी राहिली. "बाबा, चला ना. सगळे वाट बघतायत."

"याला घेऊन जा," बाबा म्हणाले. "याची चौकशी झालीय, हा निर्दोष सुटलाय."

"आणि तुम्ही?"

"मला कुणी विचारलंय?"

तर मी एकटाच गेलो. मंचावर रिकाम्या खुर्चीपुढं मला उभं केलं. धून त्या जागी आली, बँड थांबला. तिनं बाबांची जागा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. शांततेतच ती छडी हलवत राहिली, माझ्याकडं बघत, आणि मला आवाज फुटला नाही. लोकांना वाटलं, काहीतरी चुकलं. काका खाली मान घालून बसले होते.

आता मी बाबांच्या खोलीत असतो. ते मला पुसतात, पण तोंडाला लावत नाहीत. लेक रोज दारात येते, काहीतरी विचारायला तोंड उघडते आणि म्हणते, "जेवायला चला." तुमची तिची गाठ पडली, तर माझा एवढा निरोप द्या. पोरी, माझा बनवणारा कोण हे तू भिंगाखाली शोधलंस. आता आत ये, समोर बस आणि विचार, "बाबा, तुम्ही हा कुठून आणलात?" उत्तर त्यांच्याकडं तयार आहे. तू विचारशील म्हणून ते थांबलेत.