सतरावाले

सकाळी सातला हर्शेलचा कार्यक्रम लागला की व्हर्ना किन्सर हातातलं काम टाकून रेडिओपाशी येऊन बसायची. एरवी त्या कार्यक्रमात असायचं काय? कुणाची गाय सुटली, कुणाला जुना फ्रिज विकायचाय, कुणाच्या मांजरीला पिल्लं झालीत आणि ती फुकट न्या म्हणून विनवणी. पण यंदा मे महिना लागला आणि अख्ख्या गावाला एकच विषय मिळाला. सतरावाले कुणाला कुठे दिसले!

पेपरवाले त्यांना सिकाडा म्हणोत नाहीतर आणखी काही. इंडियानाच्या या टेकड्यांत ते सतरावालेच. सतरा वर्षं जमिनीखाली झाडांच्या मुळांचा रस पीत पडून राहतात, आणि मग एका मे महिन्यात सगळेच्या सगळे वर येतात. खोडावर चढतात, कात टाकतात आणि असा काही गोंगाट मांडतात की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. महिनाभर हा धिंगाणा चालतो, मग पुन्हा सतरा वर्षं चिडीचूप.

हर्शेलचा नियम कडक होता. फोन करणाऱ्याने नाव सांगायचं, ठिकाण सांगायचं, किती दिसले ते सांगायचं आणि फोन ठेवायचा. सोमवारी ओढ्याकाठच्या शेतातून फोन आला. बुधवारी मेथॉडिस्ट चर्चच्या मागून. शुक्रवारी शाळेच्या मैदानातून, आणि तिथल्या मास्तरीणबाई तर आनंदाने नुसत्या किंचाळत होत्या. गाव खुशीत होतं. आधीच्या वर्षी साथीने सगळ्यांना घरात कोंडून घातलेलं, त्यामुळे कुणीतरी बाहेर येतंय याचंच लोकांना अप्रूप. व्हर्ना मात्र प्रत्येक फोनला मनात एकेक ठिकाण जोडत जायची. ओढा, चर्च, शाळा. म्हणजे टेकडी चढून तिच्याकडेच येत होते मेले!

आता तुम्ही म्हणाल, किडेच ते, चावत नाहीत की डसत नाहीत, त्यांना काय भ्यायचं? खरं आहे. मोठ्या झाडाला त्यांचं काही वाटत नाही. पण मादी अंडी घालते ती कोवळ्या फांदीला चिरा पाडून, आणि बोटाएवढ्या जाडीच्या रोपाला अशा चिरा पडल्या की ते वाळतं. म्हणून इकडे एक रीत आहे. सतरावाल्यांचं वर्ष तोंडावर आलं की नवीन झाड लावायचं नाही. दोन वर्षं कुदळ भिंतीला टेकवून ठेवायची.

आणि व्हर्नाच्या मुलाने, ट्रॅव्हिसने, गेल्या नोव्हेंबरात घरामागच्या उतारावर सफरचंदाची दीड-दोनशे रोपं लावली होती.

ट्रॅव्हिसची चूक म्हणावी तर तीही नाही. मागच्या खेपेला सतरावाले आले तेव्हा तो ॲरिझोनात नोकरीला होता, आणि त्याच्या आधी आले तेव्हा चार वर्षांचा. हिशोब ठेवायचा तो त्याचा बाप, लॉईड. लॉईड गेल्या उन्हाळ्यात साथीत गेला. ट्रॅव्हिस मातीला म्हणून आला आणि राहिला. शरदात एके सकाळी तो बापाच्या वठलेल्या बागेत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, इथे परत सफरचंदं लावली तर?" त्या दिवशी तो हसला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा.

व्हर्नाला माहीत होतं. अगदी चांगलं माहीत होतं. स्वयंपाकघरात भांडं पुसता पुसता तिने बोटांवर वर्षं मोजली होती. पण 'दोन वर्षं थांब' म्हटलं असतं तर हा थांबला असता होय? बॅग भरून परत वाळवंटात गेला असता. तिथल्या त्याच्या जुन्या साहेबाचा दर महिन्याला फोन यायचा, आणि ट्रॅव्हिस दर वेळी त्याला एकच सांगायचा, "उन्हाळ्यापर्यंत बघतो. झाडांनी जीव धरला तर राहीन." मग व्हर्नाने तोंडात मिठाची गुळणी धरली. तो खड्डे खणत राहिला आणि ती त्याला कॉफी नेऊन देत राहिली.

एप्रिलमध्ये खताच्या दुकानात कुणीतरी ट्रॅव्हिसला सांगितलं तेव्हा तो धावत घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी पक्ष्यांपासून फळं वाचवायची जाळी घेऊन आला. व्हर्नाने त्या जाळीच्या भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं, अंगठाही गेला.

"हे काय आणलंस?" ती म्हणाली. "यातून सतरावाला टोपी घालून आत जाईल."

"बारीक जाळी कुठेच नाहीये, आई. इंडियानापोलिसपर्यंत फोन केले. सगळी मार्चमध्येच संपली." तो पायरीवर बसला. "बाबा असते तर त्यांनी आधीच सांगितलं असतं. तुला तरी बिचारीला कुठून लक्षात राहणार, त्या वेळी तुझं डोकं ठिकाणावर होतं का!"

त्याने रागावून चार शब्द सुनावले असते तर ते व्हर्नाने सोसले असते. हे समजून घेणं मात्र तिला सोसेना. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

मेच्या मध्याला एका सकाळी ती अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली गेली. जमिनीला चाळणीसारखी भोकं पडली होती. खोडावर तपकिरी सालपटं लटकलेली, आणि त्यांच्याशेजारी लाल डोळ्यांचे, पंख वाळवत बसलेले, अगदी निवांत. ट्रॅव्हिस पहाटेच जाळीच्या शोधात ट्रक घेऊन निघाला होता. अंडी घालायला ते लागतात आठ-दहा दिवसांनी. तेवढीच काय ती मुदत.

व्हर्ना घरात आली आणि तिने हर्शेलला फोन लावला.

"नाव, ठिकाण, किती?" हर्शेल म्हणाला.

"व्हर्ना किन्सर. आमच्या टेकडीवर, मेपलखाली. किती म्हणून काय विचारतोस, जमीन दिसत नाहीये."

"वा वा, टेकडीवर पोचले म्हणायचे! आभारी आहे, व्हर्ना. पुढचा फोन—"

"थांब हर्शेल. माझं झालेलं नाही."

"अगं, नियम—"

"नियम घाल चुलीत! बेचाळीस साली तुझा बाप आणि माझा बाप एका बाकावर बसायचे, मला नियम सांगतोय!" हर्शेल मध्ये बोलायच्या आत ती पुढे सुटली. "माझ्या मुलाने गेल्या नोव्हेंबरात रोपं लावली. हसताय ना सगळे? हसा. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही, तो जाईल म्हणून. आता सगळी बाग मरायला टेकलीय ती माझ्यामुळे. कुणाकडे नेटचं कापड असेल, पडदे असतील, मच्छरदाणी असेल, फाटकंतुटकं काही असेल, तर मला द्या. एवढंच. ठेवते."

रेडिओवर हर्शेलने घसा साफ केला आणि हवामान सांगायला लागला.

ट्रॅव्हिसच्या ट्रकमध्येही हर्शेलच लागलेला असतो, हे व्हर्नाला फोन ठेवल्यावर आठवलं. तिने कपाळावर हात मारला. मग वाटलं, बरं झालं. आपल्या तोंडाने समोरासमोर हे कधी निघालंच नसतं.

तो अर्ध्या तासात परत आला. दार आपटलं नाही, ओरडला नाही. टेबलाशी उभा राहिला.

"मी खड्डे खणत होतो तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू कॉफी आणून देत होतीस."

"हो."

"का, आई?"

"तू हसलास म्हणून," व्हर्ना म्हणाली. "आणि लावलेलं झाड सोडून माणूस जात नाही असं मला वाटलं. तुझा बाप गेला, तूही गेलास तर मी या घरात भिंतींशी बोलू? स्वार्थी म्हण, काय हवं ते म्हण. आहेच मी."

"मला विचारलं असतंस तर?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"ते तुला काय माहीत!" आता त्याचा आवाज चढला. "ते तू मला ठरवू द्यायचं होतंस. मी काय कुंपणाला बांधलेलं वासरू आहे?" व्हर्नाच्या डोळ्यांना धार लागली. ट्रॅव्हिस खिडकीबाहेर बघत राहिला. तेवढ्यात बाहेर कर्कश हॉर्न वाजला.

ती बर्निस होती. चर्चच्या गोधडी-मंडळाची म्होरकी, आणि व्हर्नाची शाळेपासूनची मैत्रीण. साथीमुळे मंडळ वर्षभर बंद होतं. गाडीच्या मागच्या सीटवर छतापर्यंत पांढरं कापड कोंबलेलं होतं.

"काय तमाशा केलास गं रेडिओवर!" ती उतरता उतरताच म्हणाली. "माझं अंडं करपलं तुझ्यापायी. हे घे. माझ्या डोक्यावरच्या नेट आहेत, तिन्ही लग्नांच्या. तिसरी तर कोरी करकरीत आहे, ते लग्न टिकलंच कुठे! ट्रॅव्हिस, बघत काय उभा राहिलास? शिलाई मशीन उतरव."

आणि मग लोक यायलाच लागले. शाळेच्या मास्तरीणबाईंनी नाटकातल्या पऱ्यांचे झगे आणले. कुणी खिडकीचे पडदे आणले, कुणी बाळाच्या पाळण्याची मच्छरदाणी. मुलीच्या लग्नात मांडवाला लावलेलं नेटचं कापड कुणीतरी गठ्ठाच्या गठ्ठा आणून टाकलं. हर्शेल स्वतः आला तो मासे धरायचं बारीक जाळं घेऊन, आणि व्हर्नाकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी नियम पाळ." कोठारात मशिनी मांडल्या गेल्या. वर्षभर एकमेकींची तोंडं न पाहिलेल्या त्या बायका अशा काही बोलत सुटल्या की बाहेरचे सतरावाले त्यांच्यापुढे फिके. पिशव्या शिवायच्या, रोपावरून खाली सोडायच्या, बुंध्याशी सुतळीने आवळायच्या. ट्रॅव्हिस सुतळी बांधत होता. आईशी तो कामापुरतंच बोलत होता, "कात्री दे," "हे धर," एवढंच. पण तो गेला नव्हता, आणि व्हर्नाला त्या दिवशी तेवढंच पुरे होतं.

चार दिवसांत उतारावर जणू पांढऱ्या नेटमधल्या नवऱ्या मुलींची रांग लागली. खालच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. तोवर सतरावाल्यांचा आवाज टिपेला पोचला होता. कोंबड्या किडे खाऊन खाऊन इतक्या फुगल्या की दाण्याला तोंड लावेनात. एका दुपारी ट्रॅव्हिसने गवत कापायचं यंत्र सुरू केलं आणि त्याची घरघर ऐकून टेकडीवरच्या यच्चयावत माद्यांना वाटलं, हाच तो नवरदेव! टोपीवर, दाढीवर, सदऱ्याच्या आत, जिकडेतिकडे सतरावाल्या. तो यंत्र टाकून नाचत सुटला.

"अरे, लाजतोस काय!" बर्निस कोठाराच्या दारातून ओरडली. "अडतीस वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या जणी मागे लागल्यात!"

ट्रॅव्हिस हसला. सगळ्यांच्या देखत, पोट धरून हसला. व्हर्नाने पटकन तोंड फिरवलं आणि सुईत दोरा ओवायचं निमित्त केलं.

तरी शेवटची ओळ उघडीच राहिली. कापड संपलं. गावातल्या एकाही खिडकीला पडदा राहिला नव्हता, मग आणायचं कुठून! त्या ओळीकडे बघायचं व्हर्ना टाळायची.

जूनच्या अखेरीस आवाज विरत गेला आणि एक दिवस थांबलाच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई आणि मुलगा पिशव्या सोडायला उतारावर गेले. आत हिरवीगार पानं होती, काही रोपं तर वीतभर वाढली होती. दोघं सुतळ्या सोडत खाली खाली येत गेले आणि उघड्या ओळीपाशी थांबले. तिथले शेंडे तपकिरी होऊन लटकले होते. निम्मी रोपं गेल्यात जमा होती. आता हा बोलेल, व्हर्नाला वाटलं, आता त्या साहेबाचं नाव काढेल.

ट्रॅव्हिस खाली बसला. त्याने एक वाळका शेंडा मोडला, त्यावरच्या चिरा नखाने चाचपल्या, मग रोपाच्या बुंध्याशी फुटलेला हिरवा कोंब बोटाने वर उचलून पाहिला.

"यातली काही येतील वर," तो म्हणाला. "बाकीची शरदात नवीन लावू. आता काय, रान मोकळं आहे." मग त्याने बोटांवर वर्षं मोजली. "पण पुढच्या खेपेला असला घोळ नको. दोन हजार छत्तीस सालापासून एकही रोप लावायचं नाही. अडतीसचा उन्हाळा जाऊ द्यायचा, सतरावाले गेले की मग वरच्या उताराला हात घालायचा. तिथे मला नासपती लावायच्यात."

व्हर्नाच्या हातात सुतळी तशीच राहिली. अडतीस साली ट्रॅव्हिस पंचावन्नचा असणार होता, आणि तो हे असं सांगत होता, जणू उद्या बाजारातून पाव आणायचाय.

"मला आठवण कर," तो म्हणाला.

"अरे, मी अठ्ठ्याऐंशीची असेन तेव्हा!"

"मग? अठ्ठ्याऐंशीच्या माणसाला बोलता येत नाही?" त्याने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "फक्त या वेळी वेळेवर तोंड उघड."

"उघडीन रे बाबा," व्हर्ना म्हणाली, "उघडीन," आणि हातातली सुतळी गुंडाळून तिने खिशात टाकली, सतरा वर्षांनी लागेल म्हणून.