शहाणीची खोड

प्रयोगशाळेतल्या माकडिणीला काका शहाणी म्हणत, आणि ते काही चेष्टेनं नव्हे. तिचं काम दांडी धरून बसायचं. डाव्या-उजव्या स्पीकरमधून आळीपाळीनं एकच आवाज येत राही. त्यात कणभर फरक पडला की दांडी सोडायची, द्राक्ष मिळवायचं. माणसांना दहादा ऐकूनही सारखेच वाटणारे आवाज ती चुटकीसरशी वेगळे काढी. खोड एकच, काकांची बाही ओढायची. बटणं शिवून शिवून घरी काकू वैतागल्या होत्या.

काकांचं काम पिंजरे सांभाळायचं, आणि रोज सकाळी दोन्ही स्पीकर ऐकून वहीत ‘ठीक’ लिहून सही ठोकायची. पण वर्षभरापासून त्यांचे कान दगा देत होते. समोरासमोरचं बोलणं कळे, बारीकसारीक निसटे. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, गवगवा कशाला करायचा? ते आवाज लावत आणि शहाणीकडे बघत. ती निवांत बसली की ‘ठीक’. पुढेपुढे तर न बघताच ‘ठीक’.

आणि मग एका आठवड्यात शहाणी आवाज बदललेला नसतानाच दांडी सोडायला लागली.

“मन उडालंय तिचं,” मॅडम म्हणाल्या. प्रयोग त्यांचा होता. “नुसते अंदाज मारतेय. सोमवारी औषधांच्या विभागाला देऊन टाकू.”

औषधांच्या विभागात गेलेलं माकड परत आलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. शहाणी थापा मारणारी नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थापा मारणारं इथं दुसरंच कुणीतरी होतं. दुपारभर त्यांनी पिंजरे घासले, घासलेलेच पुन्हा घासले. शेवटी वही घेऊन मॅडमसमोर उभे राहिले.

“मॅडम, ती बरोबर असेल. स्पीकर बिघडला असेल.”

“रोज तपासता ना तुम्ही? सही आहे तुमची.”

“सही आहे. ऐकलं नाही. मला नीट ऐकूच येत नाही. वर्ष झालं.” काकांचे कान लालबुंद झाले, तेवढं काम ते अजून चोख करत.

मॅडमनी मोजायचं यंत्र लावलं. डाव्या स्पीकरच्या आवाजाला शेवटी बारीकशी घरघर होती. ती त्यांनाही ऐकू आली नाही, पडद्यावर तेवढी दिसली.

“शहाणी राहील,” त्या म्हणाल्या. “वही उद्यापासून माझ्याकडे. तुमचं काय करायचं ते बघू.” त्यांचा आवाज चढला नाही, काकांना तेच जास्त लागलं.

ते पिंजऱ्याकडे पाठ करून द्राक्षं धुऊ लागले, तशी शहाणीनं गजांतून हात घालून बाही ओढली.

“अगं, झालं का तुझं सुरू?”

दारातून मॅडम बघत होत्या. त्या समोर येऊन सावकाश म्हणाल्या, “काका, ही तुमचीच बाही का ओढते? आम्हाला तर हाक मारते.”

“खोडच आहे तिची.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं,” काका म्हणाले, आणि द्राक्षं हातातच राहिली.