होणाऱ्या जावयाचा अहवाल

"मावशी, हे तुमचंच ऑफिस ना?"

होणाऱ्या जावयाने कागद पुढे सरकवला आणि मावशींच्या हातातला चहा बशीत सांडला. पोराची छोटी बेकरी होती. नव्या भट्टीसाठी त्याने कर्ज मागितलं, तेव्हा बँकेने त्याच्या कर्जव्यवहारांचा अहवाल काढला. त्यात एक ओळ निघाली: गेल्या महिन्यात एका वसुली कंपनीने हा अहवाल उघडून पाहिला.

"बँकवाले म्हणतात, वसुलीवाले मागे आहेत म्हणजे काहीतरी भानगड असणार. आधी ती मिटवा, मग भट्टीचं बघू. मी कुणाचं छदामही देणं लागत नाही हो!"

ते मावशींना ठाऊक नसणार तर कुणाला? बावीस वर्षं वसुलीच्या फोनवर बसलेली बाई! लेकीने मुलगा पसंत केला की दुसरी आई चार घरी विचारपूस करते. मावशींनी गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा अहवाल उघडला होता. अहवाल कसा, धुतल्या तांदळासारखा! उघडणाऱ्याची नोंद राहते हे त्यांना पाठ होतं, पण तेव्हा अक्कल चरायला गेली होती.

"तक्रार करायची," सवयीने त्या बोलून गेल्या. "देणं नसताना वसुलीवाल्यांना अहवाल उघडायचा अधिकारच नाही. कोणी उघडला, कशासाठी, ते विचारायचं. नोंद काढायला लावायची. हक्क आहे तुझा."

"मग तुम्हीच लिहून द्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

लेकीने कागद-पेन आणून दिलं. 'कोणाविरुद्ध' इथे मावशींचं पेन अडलं. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. 'अज्ञात कर्मचारी' लिहिलं की त्या सुटल्या. पण मग चौकशी रेंगाळणार आणि भट्टी लटकणार. पोरगा भाबडेपणाने चहा फुंकत होता. मावशींनी सरळ स्वतःचं नाव लिहिलं.

लेक खांद्यावरून वाचत होती. "आई! तू?"

"मीच. राहवलं नाही गं."

"शी! लाज नाही वाटली?"

"तेव्हा नाही वाटली. आत्ता वाटतेय."

पोरगा आधी खो खो हसला. मग हळूच म्हणाला, "विचारलं असतंत, तर मीच आणून दाखवला असता, मावशी."

हे मात्र वर्मी लागलं. बावीस वर्षांत फोनवर शिव्या काय कमी खाल्ल्या होत्या? पण एकही इतकी झोंबली नव्हती.

"सही कर," त्या म्हणाल्या.

"अहो, नोकरी जाईल तुमची!"

"गेली तर तुझ्या बेकरीची उधारी वसूल करीन. कर सही!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मावशींच्या साहेबांनी तक्रार दोनदा वाचली, चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "ताई, घरचाच मामला आहे. हा कागद माझ्याकडे आलाच नाही असं समजू या."

"आलाय, साहेब. शिक्का मारून पोच द्या. तक्रारदाराला बँकेत दाखवायचीय."

साहेबांनी नाइलाजाने शिक्का मारला. मावशींनी शाई वाळू दिली, पोच जपून पर्समध्ये ठेवली, आणि कोणी सांगायच्या आत आपल्या टेबलावरचा हेडफोन काढून शेजारणीच्या हाती दिला.